बेबी कितव्या पोलाला थांबली

३ ऑक्टोबर, गुरुवार

ही डायरी पतसंस्थेची. जानेवारीत मिळाली आणि तेव्हापासून टीव्हीखाली कोरीच पडून होती. आज समताने अकोल्याहून फोनवर हुकूम सोडला, "बाबा, आई रोज किती चालते ते लिहून ठेवा. कुठं थांबते, किती वेळ थांबते, सगळं." समता आमची मुलगी. तिथल्या दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे तिच्यापुढे वाद घालून उपयोग नसतो. जूनमध्ये तिच्या आईचा, म्हणजे बेबीचा, उजवा गुडघा बदलला. आता रोज सकाळी तिला चालवून आणायचं काम माझ्याकडे आहे.

काम योग्य माणसाकडे आलं आहे. मी चौतीस वर्षं लाइनमन होतो. तार कुठे तुटली ते शोधायला बाकीचे मोटारसायकल काढायचे. मी तारांखालून, वावरातून पायी निघायचो आणि त्यांच्या आधी पोचायचो. साहेब म्हणायचे, पंजाबराव, तुमच्या पायात करंट आहे. मलकापुरात आजही कोणालाही विचारा.

अंतर मी पोलांत मोजतो, ती सवय सुटत नाही. गावात एका पोलापासून दुसरा पोल पंचेचाळीस-पन्नास मीटर. आजची नोंद: घर ते स्टेशन रोड आणि परत. बेबी चोवीस पोल, थांबे पाच. मी दहा पावलं पुढे.

६ ऑक्टोबर

बेबी अठ्ठावीस पोल, थांबे पाच. त्यातले दोन गुडघ्याचे, तीन बायकांचे. एक कांदेवाली, एक समताच्या वर्गातल्या कोणाची तरी आई, आणि तिसरी कोण होती हे बेबीलाही शेवटपर्यंत आठवलं नाही, तरी दोघी सात मिनिटं बोलल्या. मी पुढच्या पोलाखाली उभा राहून घड्याळ पाहत होतो.

चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही जोडीने चाललेलो नाही. आमच्याकडे माणूस पुढे, बाई मागे. लग्नानंतर पहिल्यांदा तिला बाजारात नेलं, तेव्हा मी कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत चौकापर्यंत गेलो आणि मागे वळून पाहिलं तर बायको नाही. तासभर शोधलं. शेवटी घाबरून घरी आलो, तर ती चुलीसमोर भाकरी थापत बसलेली. कोणत्या रस्त्याने आली ते तिने आजपर्यंत सांगितलेलं नाही.

११ ऑक्टोबर

बेबी तीस पोल, थांबे चार. सुधारणा आहे.

जाता जाता माझी एक गोष्ट. चौदाव्या पोलाच्या आसपास माझी डावी पोटरी धरते, कोणी आवळून बांधल्यासारखी. थांबलं की दोन मिनिटांत सुटते. दोष बुटांचा आहे. समताने घेतलेले मऊ बूट, त्यांना शिस्त नाही. मी त्या वेळी बिडी पेटवतो, तेवढ्यात पाय मोकळा होतो.

२० ऑक्टोबर, रविवार

आज ‘पहाट मंडळा’ची बैठक झाली. हे मंडळ मीच काढलं, निवृत्त झालो त्या वर्षी. बारा माणसं, सगळी साठीच्या पुढची. रोज सकाळी चालायचं आणि वर्षातून एकदा, डिसेंबरात, वरवट बकालच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला जाऊन निशाणटेकडी चढायची. साडेचार किलोमीटरची पायवाट. माथ्यावर दगडांचा ओटा आहे. पुढे चालणाऱ्याच्या गळ्यात शिट्टी असते आणि वर पोचल्यावर त्याने ती वाजवायची. नऊ वर्षं ती शिट्टी माझ्या गळ्यात आहे. मंडळाचे नियमही मीच रजिस्टरमध्ये लिहिले. नियम तिसरा: मागे राहणाऱ्याची वाट पाहिली जाणार नाही.

धम्मरत्न म्हणाला, "बे पंजाब, औंदा तू राहू दे. वहिनीले पाह्य घरी." धम्मरत्न माझा शाळेपासूनचा मित्र, बँकेतून रिटायर झालेला. चालतो कमी, चहा पितो जास्त. त्याने मला राहू दे म्हणावं याचा मला राग आला. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, औंदा बेबीसुद्धा येईल, नव्या गुडघ्याने टेकडी चढेल आणि धम्मरत्नच्या आधी वर पोचेल. टाळ्या पडल्या.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बेबी तांदूळ निवडत होती. "मले न इचारता?" म्हणाली.

"त्याच्यात इचाराचं काय?" मी म्हणालो. ती तांदूळ निवडत राहिली.

३ नोव्हेंबर

समता दिवाळीच्या सुट्टीत आली होती, आज परत गेली. आईचा गुडघा तिने दहा वेळा वाकवून पाहिला. "एकदम मस्त," म्हणाली. मला आनंद झाला. चालवणारा कोण आहे!

मग उगाचच माझ्याकडे वळली. "बाबा, डावा पाय दाखवा." आईने काहीतरी कान भरलेले दिसतात. बेबी सध्या मला पायाला तेल लावून देते आणि डावा पाय गार लागतो म्हणते. फरशी गार असल्यावर पाय गार लागणारच. समता माझ्या पावलावर दोन बोटं ठेवून बराच वेळ भिंतीकडे बघत बसली. मग उजव्या पावलावर ठेवली. मग परत डाव्या.

"बाबा, एक दिवस अकोल्याले या. तपासणी करून घेऊ."

"पेशंट तुही माय हाये. मी नाही," मी सांगितलं.

त्यानंतर दोघी मायलेकी स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजत होत्या. गुडघ्याचंच काहीतरी असणार.

९ नोव्हेंबर

अजब आहे. समता म्हणते गुडघा मस्त, आणि बेबीचे थांबे मात्र वाढले. पूर्वी कुठेही थांबायची, आता बरोबर दर दहाव्या पोलाला. "थांबा हो, टोंगळा भरला," म्हणते आणि गुडघा धरून कठड्यावर बसते. एक चमत्कारही नोंदवून ठेवतो. तिचा टोंगळा भरतो नेमकी त्याच वेळी माझी पोटरी धरते. इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर असं होत असेल.

१० नोव्हेंबर

धम्मरत्न सकाळी सांगत होता, "काल दुपारी वहिनी दिसल्या भाजीबाजारात. दोन्ही हातात पिशव्या, अन् काय झपझप चालून राह्यल्या होत्या! मी हाक मारेपर्यंत गेल्यासुद्धा."

मी म्हटलं, "चष्म्याचा नंबर तपास. थे दुसरी कोणी असन." धम्मरत्नची नजर पूर्वीपासून कच्ची आहे.

२४ नोव्हेंबर

आज मी चुकलो, ते लिहून ठेवतो. बेबी आठव्या पोलाला थांबली. पुढे परत आठव्याला. रस्त्यावर ही गर्दी, कापूस विकून परतणाऱ्या गाड्या, हॉर्न. आणि ही कठड्यावर शांत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून दाखवत होती. माझा तोल गेला. भर रस्त्यात ओरडलो, "अवं, तुह्यापेक्षा कासव बरं! टेकडी कशी चढशीन तू? माही अब्रू घालवतं काय?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता, काय होतं ते मला समजलं नाही. मग उठली आणि म्हणाली, "चला. आता चालता येईन." आणि मलाही चालता येत होतं, पोटरी सुटली होती.

रात्रीच्या जेवणात तिने माझ्या आवडीची वांग्याची भाजी केली. त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. माफी मागायची पद्धत आमच्यात नाही. मी पाण्याचा माठ भरून ठेवला.

६ डिसेंबर, शुक्रवार

संध्याकाळी बुद्धविहारापासून अभिवादनाची मिरवणूक. हातात मेणबत्त्या, सगळे पांढऱ्या कपड्यांत, कोणी बोलत नाही. इतक्या हळू चालतात की मेणबत्ती विझत नाही. एरवी हा वेग मला सहन झाला नसता. आज मी बेबीच्या शेजारी चाललो, पस्तीस पोल झाले आणि पोटरी एकदाही धरली नाही. श्रद्धेत केवढी ताकद असते. बेबीसुद्धा एकदाही थांबली नाही.

१२ डिसेंबर

बेबी दर सहाव्या पोलाला थांबते आहे. टेकडी तीन दिवसांवर आली. माझा पायही रात्री ठसठसतो, पण तो काळजीने असेल. मी बिड्या वाढवल्या आहेत, हे समताला सांगायचं नाही.

१४ डिसेंबर

आज बेबी म्हणाली, "औंदा टेकडी राहू द्या. मले भेव वाटून राह्यलं."

मी म्हणालो, "तुले भेव वाटत असन त तू राह्य. मी जाईन. धा वर्षं होतील शिट्टीले."

तिने थोडा वेळ माझ्या पायांकडे पाहिलं. "मंग मी येतो. पण तुमच्यासंगच चालीन. मले सोडून जायचं नाही." तिच्या भीतीची मला गंमत वाटली. तिला शब्द दिला.

१५ डिसेंबर, रविवार. वरवट बकाल, अश्वजितच्या घरी

अश्वजित हा बेबीचा भाऊ. त्याच्या पडवीत खाटेवर पडून लिहितो आहे. उजेड आहे तोवर सगळं लिहून टाकतो. नाहीतर उद्या मी यातलं निम्मं बदलून लिहीन, हे मला माहीत आहे.

सकाळी साडेसातला पायथ्यापासून निघालो. मी पुढे, शिट्टी गळ्यात. रानात पोल नाहीत, म्हणून पावलं मोजत होतो. सागाची पानं पायाखाली कडकड वाजत होती. अडीचशे पावलांवर बेबीने हाक दिली, "थांबा हो." थांबलो. परत अडीचशे, परत थांबा. धम्मरत्न शेजारून गेला. मग वामनराव गेले, ज्यांना दम्याचा त्रास आहे. मग एकेक करून सगळेच गेले. माझ्या नियमाप्रमाणे कोणी वाट पाहिली नाही. जाताना धम्मरत्नने "येऊ का बे संगं?" असं विचारलं होतं. मी त्याला नियम तिसरा म्हणून दाखवला.

चौथ्या थांब्याला माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती मोहाच्या झाडाखाली बसली होती. मी म्हटलं, "तू इथंच बस. मी शिट्टी वाजवून येतो." ती म्हणाली, "तुमी शब्द देला होता." मी ऐकलं नाही. निघालो, आणि माझ्या खऱ्या चालीने निघालो.

दोनशे सत्तर पावलं. तिथे चढ आहे. पोटरी अशी धरली की पाय टेकवता येईना. दगडावर बसलो, बिडी ओढली. उठलो. चाळीस पावलं. परत बसलो. या वेळी बसून पाच मिनिटं झाली तरी कळ जाईना आणि पाऊल बधिर. बूट काढला. अंगठा पांढुरका पडला होता. वरून मंडळींचं बोलणं ऐकू येत होतं. हाक मारली असती तर धम्मरत्न आला असता. शिट्टी तर गळ्यातच होती. हाकही मारली नाही, शिट्टीही वाजवली नाही. धम्मरत्नने मला बसलेलं पाहावं यापेक्षा तिथेच बसून राहिलेलं बरं, असं मला वाटत होतं. ही गोष्ट लिहायची लाज वाटते, तरी लिहिली.

तेवढ्यात खालून पानं वाजली. पाहतो तर बेबी. पदर कमरेला खोचलेला, दगड टाळत, चढावर एकदाही न थांबता, सरसर वर येत होती. मला क्षणभर कळलंच नाही की ही बेबी आहे. तिची चाल मी कधी पाहिलीच नव्हती. मी कायम पुढे, मला मागचं काय दिसणार?

"टोंगळा?" मी विचारलं.

"टोंगळ्याले काय धाड भरली? दिवाळीपासून बरा हाये थो."

"मंग रोज काऊन थांबून राह्यली होती?"

ती माझ्यासमोर खाली बसली. माझं पाऊल मांडीवर घेऊन चोळू लागली. "मी म्हणलं असतं, तुमचा पाय दुखून राह्यला, थांबा, त थांबले असते का तुमी? समतानं सांगतलं त तिच्यावर खेकसले. पयले चौदा पोल चालत होते तुमी. मंग धा. मंग आठ. मंग सा. मी बी मोजून राह्यली होती. तुमचं तोंड कसनुसं झालं का मी बसत होती."

"अन् मी तुले कासव म्हणलं."

"म्हणले नं. पण थांबले."

 मी रडलो. तिने मला रडू दिलं, मग माझ्या गळ्यातली शिट्टी काढली आणि जोरात वाजवली. तीनदा. वरची अकराच्या अकरा माणसं धावत खाली आली, माझा नियम मोडून. धम्मरत्नने मला पाठुंगळी घेतलं. त्याचं वजन, त्याचा तो श्वास! अर्ध्या वाटेवर वामनराव म्हणाले, आता मी घेतो. त्यांना कोणी घेऊ दिलं नाही.

टेकडी कोणीच चढलं नाही. दहावं वर्ष गेलं. बेबी म्हणते पाऊल आता कोमट लागतं आहे. उद्या सकाळी अकोला.

१९ डिसेंबर, अकोला

मांडीतली रक्ताची नळी तुंबली होती. तार घालून मोकळी केली आणि आत जाळी बसवली. तार घालून फॉल्ट काढला म्हटल्यावर मला सगळं लगेच समजलं.

डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? मी म्हटलं, असतील आठ-पंधरा दिवस. समताने पिशवीतून ही डायरी काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. मला घाम फुटला. डॉक्टरांनी सगळी वाचली. कासवाचं पान आलं तेव्हा माझ्याकडे एकदा पाहिलं. शेवटी म्हणाले, "आजोबा, पेशंट असा रेकॉर्ड कधीच ठेवत नाहीत. तारखेनिशी कळतंय नळी कशी बंद होत गेली. फक्त नाव चुकीचं लिहिलंय."

आणखी महिनाभर असाच चाललो असतो तर बोटं गेली असती, असंही त्यांनी सांगितलं. बिडी बंद. आणि औषध म्हणून चालायचं: पाय भरेपर्यंत चाला, थांबा, मोकळा झाला की परत चाला. बेबी शेजारी बसून ऐकत होती. महिन्याहून जास्त ती मला बिनफीचं हेच देत होती.

त्यांनी रेकॉर्डची तारीफ केली ती मी वॉर्डात तीन जणांना सांगितली.

२९ डिसेंबर

घरी आलो. आजची नोंद, आता दोघांची. बेबी छप्पन पोल, थांबे शून्य. मी अकरा पोल, थांबा, दहा पोल, थांबा, नऊ पोल. ती आता तिच्या चालीने चालते आणि मी मागून येतो. ती वळते, परत येते, मला ओलांडून पुन्हा पुढे जाते. माझ्या अकरा पोलांत तिचे वीस होतात.

मागून काय काय दिसतं! तिची मान ताठ असते. डावा हात जरा जास्त हलतो. लोक तिला रस्ता देतात. एका हमालाने डोक्यावरचं गाठोडं सावरत "ताई, जा पुढं" म्हटलं आणि बाजूला झाला. मला पुढे असताना कधी कोणी असा रस्ता दिला नाही, मी तो घ्यायचो. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला आणि मत्सरही वाटला. मत्सर चौथ्या पोलापर्यंत टिकला.

बिडी नसल्यामुळे दिवसभर मी सगळ्यांवर गुरगुरतो. पेपरवाल्या कुलदीपने पेपर अंगणात टाकण्याऐवजी हातात आणून दिला, तरी त्याच्यावर ओरडलो.

१२ जानेवारी

पहाट मंडळ घरी आलं होतं. टेकडी फेब्रुवारीत करायची ठरली. धम्मरत्नने शिट्टी माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, पुढे बेबी चालेल.  मंडळात आजवर बाई नाही. कोणीतरी म्हणालं, "बायकांचा दम पुरन का?" मी ही डायरी उघडून वाचून दाखवली. छप्पन पोल, थांबे शून्य. एकोणसाठ पोल, थांबे शून्य. "तुहे किती थांबे, धम्मरत्न?"

"माह्ये चार," तो म्हणाला. "पण थे चहाचे."

सगळे हसले आणि ठरलं म्हणाले. तेवढ्यात आतून बेबीचा आवाज आला, "मले कोणी इचारलं का?"

कोणीच विचारलं नव्हतं. मी उठून दारापर्यंत गेलो आणि अकराही जणांच्या देखत विचारलं. चाळीस वर्षांत कोणतीही गोष्ट मी तिला अशी विचारली नव्हती. ती पदराला हात पुसत बाहेर आली. "मागं राहीन त्याची वाट पाह्याची. थे लिहा पयले. नाही त मी येत नाही."

रजिस्टरमधला नियम तिसरा मी माझ्या हाताने खोडला.

२ फेब्रुवारी

पंधरा पोल, एक थांबा. तो थांबा भर चौकात आला, पानठेल्यासमोर, जिथे सगळं मलकापूर उभं असतं. पूर्वी बूट बांधायला वाकलो असतो. आज सरळ उभा राहिलो. कोणीतरी विचारलं, "काय झालं पंजाबराव?" मी म्हटलं, "पाय भरला. थांबलो." त्याने मान हलवली आणि स्वतःच्या पाठदुखीचं सांगायला लागला. एवढंच झालं. या एका वाक्यासाठी मी दोन महिने पाय कुजवत बसलो होतो.

२३ फेब्रुवारी, रविवार. वरवट बकाल

परत अश्वजितची पडवी. या वेळी खाटेवर बसून लिहितो आहे. मोहाखाली घेतलेला चहा धरून एकूण साडेतीन तास लागले. पूर्वी मी हीच टेकडी सत्तर मिनिटांत चढायचो.

पळस फुलला आहे. बेबी पुढे होती, शिट्टी गळ्यात, पायात समताने घेऊन दिलेले बूट. माहेरची हवा लागल्यावर तिला आवरणार कोण. लग्नाआधी याच रानातून ती आईसोबत सरपणाचे भारे आणायची, हे तिने आज चढताना सगळ्यांना सांगितलं. मला कधी सांगितलं नव्हतं, कारण ऐकू येईल इतक्या जवळ मी नसायचो. मी सर्वात मागे. तीनशे पावलं, थांबा. तीनशे पावलं, थांबा. दर थांब्याला कोणी ना कोणी माझ्याबरोबर बसायचं. वामनरावांना तर ते फारच सोयीचं पडलं.

शेवटचा चढ उघडा आहे, झाडं नाहीत. मी त्याच्या तळाशी दगडावर बसलो होतो. माझ्यापासून माथ्यापर्यंत मंडळी विखुरलेली. कोणी बसलेला, कोणी वाकून गुडघ्यांवर हात ठेवून दम खात होता. आणि सगळ्यांच्या वर, एकटी, बेबी. ओट्यावर चढली. शिट्टी वाजवली. तिचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. माझ्या अंगावर काटा आला. नऊ वर्षं मी वाजवली, पण ती खालून कशी ऐकू येते हे मला माहीत नव्हतं.

मग तिने हाक मारली, "अहो!"

चढावरच्या अकराही माणसांनी एकदम वर पाहिलं. प्रत्येकाला वाटलं आपल्यालाच. चाळीस-चाळीस वर्षं याच हाकेला वळलेली ती माणसं. बेबी कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे पाहत होती. धम्मरत्नने तर "काय वं?" असं उत्तरही दिलं.

बेबी हसायला लागली. आणि मग, उखाण्याशिवाय जे नाव तिने आयुष्यात कधी तोंडात घेतलं नव्हतं, ते नाव तिने सातपुड्याला ऐकू जाईल असं घेतलं.

"पंजाबराव! ओ पंजाबराव! या वर! घाई करू नका, मी हाये इथंच!"

मंडळी हसली नाहीत. वामनरावांनी मला हात दिला, मी तो घेतला आणि उठलो. छाती भरून "ओ" दिली, तीही सातपुड्याला ऐकू गेली असेल. मग पाय पाहिला, मोकळा होता, आणि चढायला लागलो.